सांदवाडीतली चिंच : झाड कुणाचं, कष्ट कुणाचे



आज आपण एका झाडाचा इतिहास ऐकणार आहोत. हे झाड तुमच्या सांदवाडीत असेल. तुमच्या नसेल तर शेजारणीच्या असेल, आणि तिथंही नसेल तर शाळेमागं नाहीतर नाल्याच्या काठी नक्की असेल. ते म्हणजे चिंच, आपल्या बोलीतली चिच.

इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि किल्ले डोळ्यांसमोर येतात. घरामागच्या झाडाचा कसला इतिहास, असं आम्हालाही वाटायचं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला आणि त्याच्या मागे जाता जाता आम्ही फार लांब पोचलो.

प्रश्न साधाच होता. आमच्यातल्या एका ताईच्या सांदवाडीत मोठी जुनी चिंच आहे. मुलासाठी मागे एक खोली काढायची होती. लाकडाचा व्यापारी येऊन झाडाला हात लावून, बुंध्याला दोरी गुंडाळून गेला होता आणि घरधन्याने मान डोलावली होती. ताई बैठकीत म्हणाली, "जाऊ द्या. तसंही त्याच्याखाली काही येत नाही. सांभार पेरला तर पिवळा पडते, वाल लावला तर चढत नाही. रोज पाला झाडून कंबर मोडते." तिची सासू दाराशी बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "माय, मी लग्न होऊन आली तेव्हापासून हे झाड हाये. काही देत नाही म्हणता, मंग वर्षभर वरणात काय टाकता?"

दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की या झाडाबद्दल जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं आणि मग बोलायचं. कुणी जुन्या बायांना विचारलं, कुणी तलाठी कार्यालयात चौकशी केली, कुणी शाळेतल्या गुरुजींकडून पुस्तकं आणली. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

खाली काही येत नाही ते का?

ताईची तक्रार आधी घेऊ. चिंचेखाली दुसरं काही धड वाढत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होतं. याला कारणं तीन. एक म्हणजे सावली. चिंचेचं पान बारीक असलं तरी डेरा दाट असतो आणि तो जवळजवळ वर्षभर हिरवा राहतो. दुसरं कारण मुळं. ती खोल जातात तशी आडवीही पसरतात, आणि आपण भाजीला घातलेलं पाणी भाजीच्या आधी झाड पिऊन घेतं. तिसरं कारण झाडाच्या अंगातलं. काही झाडं आपल्या मुळांतून, पानांतून अशी द्रव्यं सोडतात की शेजारच्या रोपाची वाढ खुंटते. जपानमधल्या संशोधकांनी विसेक वर्षांपूर्वी चिंचेची मुळं, पानं आणि बिया घेऊन प्रयोगशाळेत हे तपासलं. त्यांच्या अर्काने दुसऱ्या रोपांची वाढ मंदावलेली त्यांना दिसली.

अशी खोड असलेलं झाड चिंच एकटीच नाही. अमेरिकेत काळा अक्रोड नावाचं झाड लोकांच्या घरामागे असतं. तिथल्या बायांचं गाऱ्हाणं ऐकलं तर आपलीच शेजारीण बोलते आहे असं वाटेल. त्याच्याजवळ टमाटर लावले की मरगळतात. फळं टपाटपा छपरावर पडतात. फळाची हिरवी साल सोलली की हात काळे होतात आणि ते काळेपण कितीतरी दिवस जात नाही. त्या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. अक्रोडाची सावली वाईट, असं दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या प्लिनी नावाच्या लेखकानेही लिहून ठेवलं आहे. झाडांच्या या एकमेकांवरच्या परिणामाला शास्त्रात वेगळं नाव मिळालं ते मात्र १९३७ साली, ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ हान्स मोलिश यांच्याकडून. आता काही अभ्यासक म्हणतात की अक्रोडावर विषाचा जेवढा आळ घेतला जातो तेवढा त्याचा दोष नाही, सावली आणि पाण्याची ओढाताण हेही मोठं कारण आहे.

आपल्या चिंचेचं काय, ते आपल्याला घरीच पाहता येतं. आम्ही पाहिलं. दोन सारखे डबे घ्या. एकात चिंचेखालची माती भरा, दुसऱ्यात वावरातली. दोन्हींत सारखेच धणे रगडून पेरा, दोन्ही डबे उन्हात शेजारी-शेजारी ठेवा आणि पाणी मोजून घाला. चिंचेच्या मातीतला सांभार उन्हात बरा आला, तर समजा की दोष मुख्यतः सावलीचा आणि पाण्याचा आहे. तिथंही खुरटला तर मातीतच काहीतरी आहे. ताईच्या डब्यात सांभार आला. वावरातल्या मातीएवढा जोमदार नव्हता, पण आला. तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे मी झाडाले उगाच शिव्या देत होती काय?"

पाहुणी आली आणि घरची झाली

आता चिंच आली कुठून ते पाहू. आपल्याला वाटतं ती इथलीच. खरं तर तिचं मूळ घर आफ्रिकेत आहे. पण ती इतक्या जुन्या काळी भारतात आली आणि अशी रुजली की नंतर आलेल्या अरब व्यापाऱ्यांना ती इथलीच वाटली. त्यांना तिचा गर खजुरासारखा दिसला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजीत टॅमरिंड हा शब्द आला. म्हणजे जगाने तिला आपल्या देशाच्या नावाने ओळखलं. बाहेरून आलेली लेक सासरच्या नावाने ओळखली जाते, तसंच झालं म्हणा ना.

तिने आपल्या देशात माणसंही वाचवली आहेत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादला मुसी नदीला मोठा पूर आला. शहरात हजारो माणसं वाहून गेली. नदीकाठच्या दवाखान्याच्या बागेतल्या एका चिंचेवर सुमारे दीडशे माणसं चढून बसली आणि जगली. ते झाड आजही तिथं उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक त्याच्याखाली जमतात. खोल मुळांचं झाड सहजी उन्मळत नाही, ते असं कामी आलं. ज्या मुळांनी आपल्या भाजीचं पाणी पळवलं, ती हीच मुळं.

मालगुजारीतलं झाड

आता आपल्या वर्ध्यात येऊ. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलं गेलं. त्याच सुमारास रेल्वे आली. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच प्रसिद्ध होता, आता तो गाडीत बसून मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागला.

त्याच काळात इंग्रजांनी आपल्या भागात मालगुजारी पक्की केली. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याला त्यांनी गावाचा मालक ठरवलं. नुसत्या शेतसाऱ्याचा हा प्रश्न नव्हता. गावठाणाची जागा, पडीक जमीन, झुडपी जंगल यांवर मालगुजाराचा हक्क आला. गावकऱ्यांना जळण, चराई, घराला लागणारं लाकूड यांचे जे हक्क होते त्यांना 'निस्तार' म्हणत. गावाच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहिल्या जात. कुणी कुठून सरपण आणायचं, कुणाच्या झाडावर कुणाचा हक्क, असली सगळी गाऱ्हाणी त्या कागदापाशी येऊन थांबायची.

आता विचार करा. पाला झाडणार बाई, शेंगा वेचणार बाई, फोडणार बाई. आणि झाड कुणाचं हे ठरवणारा कागद ज्यांनी लिहिला आणि ज्यांच्यासमोर लिहिला ते सगळे पुरुष. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, की त्यांच्या आज्या मोठ्या झाडाच्या चिंचा वेचायला आधी वाड्यावर विचारायला जायच्या आणि वेचलेल्यातल्या काही तिथं टाकून यायच्या. हे कुठं लिहिलेलं नाही, पण चार घरी विचारलं तर चारही घरी हेच ऐकायला मिळतं.

मालगुजारी गेली ती स्वातंत्र्यानंतर. तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या सरकारने १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि १९५१ मध्ये तो लागू झाला. गावचं पडीक, जंगल, तलाव सरकारकडे गेले. पण त्या कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. गावठाणातली घरं, आवारं आणि त्या आवारातल्या विहिरी नि झाडं ही ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच राहतील, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे सांदवाडीतली चिंच घराची झाली. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. पण चिंच घराची, हे तसंच राहिलं.

घराची म्हणजे कुणाची, या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ.

झाडावरची बाई

चिंचेचं नाव काढलं की एक गोष्ट हमखास निघते. "रात्री चिचेखाली जाऊ नका, वर हडळ बसते." लहानपणी आम्ही सगळ्या हे ऐकूनच वाढलो. पण हडळ म्हणजे कोण, हे आम्ही कधी नीट विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं. आजी म्हणाली, "बाळंतपणात मेलेली बाई."

बैठक एकदम शांत झाली. कारण प्रत्येकीच्या घरात, दोन पिढ्या मागे, अशी एक तरी बाई आहे. कुणाची आजी, कुणाची मोठी काकू. सुईण नाही, दवाखाना नाही, पावसात नाल्याला पूर. ती गेली आणि गावाने तिला चिंचेवर नेऊन बसवलं. ज्या झाडाखाली तिने दिवसभर चिंचा फोडल्या, त्याच झाडाची तिला भूत करून टाकली. तिच्या मरणाचं कारण शोधण्यापेक्षा तिचं भय बाळगणं लोकांना सोपं गेलं.

आपल्या जिल्ह्यात हे बदललं ते दवाखान्याने. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. त्यानंतर सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी बायका आणि मुलांसाठी कस्तुरबांच्या नावाने दवाखाना उभा केला. त्यातूनच पुढे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशातलं ते पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. जिथं बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तिथं चिंचेवर नव्या हडळी बसायच्या थांबल्या. हे कुणा मांत्रिकाने केलेलं नाही. त्यामागे दवाखाना होता, परिचारिका होत्या, आणि आता गावातली आशाताई आहे.

म्हणून आम्ही आमच्या मुलींना आता वेगळं सांगतो. चिंचेवर कुणी नाही. तिथं बसवलेल्या बाया आपल्याच होत्या, त्यांची नावं विचारा.

चिंचोके म्हणजे पैसे नव्हेत?

आता कष्टाचा इतिहास. तो कागदावर कमी आणि आपल्या बोटांवर जास्त लिहिलेला आहे.

चिंच पावसाच्या तोंडावर फुलते. शेंगा भरायला पुढचे सात-आठ महिने लागतात आणि होळीच्या मागेपुढे त्या पिकतात. त्या वेळी कापूस वेचून संपलेला असतो, तूर घरात आलेली असते आणि वावरात मजुरी नसते. हातात पैसा नसण्याचे ते दिवस. नेमक्या त्या दिवसांत चिंच काम देते. शेंगा झोडायच्या, वेचायच्या, उन्हात घालायच्या, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, दगडावर ठेवून फोडायच्या, चिंचोके वेगळे करायचे, गराला मीठ लावून गोळे बांधायचे आणि मडक्यात नाहीतर बरणीत भरायचे. आंबट रसाने बोटांच्या चिरा झोंबतात आणि नखं काळी पडतात. अक्रोड सोलणाऱ्या त्या अमेरिकेतल्या बायांच्या हातांसारखेच आपलेही हात होतात.

मग वर्षभर तो गोळा पुरतो. वरणात, पातोडीच्या रश्श्यात तोच. धोप्याच्या पानाला चिंचेचा कोळ लावला नाही तर घसा खवखवतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दिवस गेलेल्या सुनेला चिंच, पितळी गुंड घासायला चिंच.

आता हिशोब पाहू. शेंगेच्या वजनात साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि ११ टक्के टरफल नि शिरा असतात. म्हणजे दहा किलो शेंगांत साडेपाच किलो गर आणि तीन किलोहून जास्त चिंचोके. व्यापारी सबंध झाड ठेक्याने घेतो तेव्हा हे सगळं तो मनात मोजतो. आपण मोजत नाही.

चिंचोक्यांची तर गंमतच आहे. "पैसे म्हणजे काय चिंचोके आहेत का?" असं आपण पोरांना रागावतो. चिंचोके म्हणजे फुकट, घासून चल्लस-आठ खेळायची वस्तू. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत याच चिंचोक्याच्या पिठाचा अभ्यास झाला. कापड विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. त्यासाठी मका-गव्हाचं पीठ लागायचं, म्हणजे माणसाचं अन्न जायचं. चिंचोक्याचं पीठ त्या जागी चालतं, हे दिसून आलं. तेव्हापासून कापड गिरण्यांत, तागाच्या गिरण्यांत, कापड छपाईत ते वापरलं जातं. देशाबाहेरही जातं. आपण ज्याला फुकट म्हणतो त्यावर कारखाने चालतात, आणि ते चिंचोके आपल्याच अंगणातून भंगाराच्या भावाने उचलले जातात.

ही गोष्ट वर्ध्यात फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आली होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू झालं. अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा ते काम पाहत. १९३६ साली गांधीजी जवळच्या शेगावात राहायला आले. त्याच गावाचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. मगनवाडीचं म्हणणं असं होतं की गावात जे पिकतं, गळतं, वाया जातं, त्याचा माल गावातच व्हावा आणि नफा गावात राहावा. तिथं तेलाच्या घाणीत सुधारणा झाल्या, हातकागद झाला, आणि कडुनिंब, करंज अशा न खाण्याच्या तेलावर चालणारा 'मगनदीप' नावाचा कंदील झाला. तुम्ही जुनी लाकडी घाणी पाहिली असेल तर तिचं उखळ किंवा लाट पुष्कळदा चिंचेच्या लाकडाची असायची. हे लाकूड जड, चिवट, दाबाला न फुटणारं. गाडीचं चाक, मुसळ, मोगरी यांनाही ते लागायचं.

पण एक गोष्ट आम्हाला खटकली, तीही सांगतो. ग्रामोद्योग म्हटलं की तेली, कुंभार, चर्मकार, विणकर यांची नावं येतात. चिंच फोडणारी बाई त्या यादीत येत नाही. तिच्या कामाला धंदा म्हणत नाहीत, घरकाम म्हणतात.

कागद काय म्हणतो

आता झाड कुणाचं, या प्रश्नाकडे येऊ.

महाराष्ट्रात १९६४ साली झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्यात ठरावीक झाडांची यादी आहे. साग, आंबा, मोह, जांभूळ, फणस, चंदन, तसं चिंचेचंही नाव त्यात आहे. म्हणजे चिंच स्वतःच्या आवारात असली तरी मनात आलं आणि तोडली, असं करता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. व्यापारी म्हणतो, "ते मी पाहून घेतो." मैत्रिणींनो, तो काय पाहून घेतो ते आधी आपण पाहावं. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत कुऱ्हाड लागू देऊ नये.

परवानगीचा अर्ज कुणाच्या नावाने जातो? घर ज्याच्या नावावर आहे त्याच्या. आमच्या बारा जणींपैकी किती जणींचं नाव घराच्या कागदावर आहे ते आम्ही त्याच बैठकीत मोजलं. हात वर झाले तीन. त्यातली एक विधवा आहे.

असं नाही की कुणी प्रयत्न केले नाहीत. १९८९ साली शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. बायकोच्या नावावर जमीन करा, ती वर्षानुवर्षं त्या जमिनीत राबली आहे, तिचं देणं फेडा, असं शरद जोशी सभांतून सांगत. विदर्भात आणि इतरत्र हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारा बदल केला, आणि २००५ मध्ये तो सगळ्या देशात झाला. २००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवावं असं ठरवलं. 'घर दोघांचं' म्हणून ती मोहीम आपल्याला माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ही नोंद होते. आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू लागलं आहे.

मालगुजाराच्या काळात कागद लिहिला गेला तेव्हा आपण तिथं नव्हतो. आता पुन्हा एकदा गावठाणाचा कागद लिहिला जातो आहे. या वेळी आपण तिथं असायला हवं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागा. आपलं नाव आहे का ते वाचा. नसेल तर घरात बोला, दोघांच्या सहीचा अर्ज द्या. भांडणाची गरज नाही, पण विषय काढावाच लागतो. तो आपोआप निघत नाही.

पुढे काय झालं

ताईच्या चिंचेचं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल.

आम्ही चौघी जणी तिच्या घरी गेलो. भाऊंना आम्ही झाडाचा इतिहास सांगितला नाही, हिशोब सांगितला. त्या वर्षीच्या शेंगा आम्ही गटाच्या काट्यावर मोजल्या होत्या. गर किती, चिंचोके किती, घरात लागली किती, विकली किती, आणि फोडायला किती दिवस लागले, हे वहीत लिहिलं होतं. ताईने ती वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. भाऊ बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "एवढं होते काय?" आजी आतून म्हणाली, "दरसाल होते. तुम्ही विचारलं नाही."

खोली झाली. पण ती गोठ्याच्या बाजूला सरकवून झाली. छपरावर आलेली एक फांदी तेवढी काढली. झाड उभं आहे. चिंचेचे पैसे आता ताईच्या खात्यात जमा होतात. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव अजून लागलेलं नाही, अर्ज दिला आहे.

सगळ्याच ठिकाणी असं झालं नाही. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावच्या दुसऱ्या टोकाचं एक झाड गेलं. दोन दिवसांत आटोपलं. त्या घरची बाई नंतर गटात आली आणि म्हणाली, "काल बाजारातून पाव किलो चिच विकत आणली. जन्मात पहिल्यांदा." आम्हाला काही बोलता आलं नाही.

झाडासोबत कसं राहायचं

आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. चिंचेच्या डेऱ्याखाली भाजीचा हट्ट धरू नका. भाजीचे वाफे डेऱ्याच्या बाहेर, उगवतीच्या उन्हात करा. जागा कमी असेल तर जुन्या गोण्यांत शेणखत-माती भरून त्यात लावा आणि गोण्या उन्हात ठेवा. झाडाखालची जागा जनावरं बांधायला, कोंबड्यांच्या खुराड्याला, धुणी-भांडी नि बसाउठायला वापरा. उन्हाळ्यात तिच्यासारखी थंड जागा घरात नसते. गळालेला पाला जाळू नका. शेण-मातीत मिसळून खड्ड्यात पूर्ण कुजू द्या आणि मगच वापरा. शेंगा काढताना फांद्यांना काठीने बदडू नका, कोवळे शेंडे मोडले की पुढच्या साली फळ कमी लागतं. तसंही चिंच एक वर्ष भरपूर देते आणि दुसऱ्या वर्षी हात आखडते. म्हणून चांगल्या वर्षीचे चार गोळे जास्त बांधून ठेवा. नवीन झाड लावायचं असेल तर भिंत आणि विहिरीपासून लांब लावा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या जातीचं कलम घेतलं तर बियांच्या झाडापेक्षा खूप लवकर फळ येतं.

आणि एक वही करा. साध्या शाळेच्या वहीत लिहा : किती शेंगा, किती गर, किती चिंचोके, किती दिवसांचे कष्ट, किती पैसे आले आणि ते कुणाच्या हातात गेले. शेजारच्या पानावर आजीला विचारून लिहा की झाड कुणी लावलं, कधी लावलं, त्याखाली कोण कोण बसलं. दीडशे वर्षांपूर्वीचा गावचा कागद आपल्याला न विचारता लिहिला गेला. हा कागद आपल्याच हातचा असेल.

पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आम्हीही आमची आणतो.